टीबीएम ८५० घ्यावं की जुनं पीसी-१२?

पिस्टन इंजिनाचं विमान चार-सहा वर्षं चालवून झालं, घरच्यांना मागे बसवून लांबचे प्रवास होऊ लागले, वाटेतल्या ढगांना वळसा घालण्यापेक्षा त्यांच्या वरून जावंसं वाटू लागलं, की नजर एका इंजिनाच्या टर्बोप्रॉपकडे, म्हणजे जेटसारख्या टर्बाइनने पंखा फिरवणाऱ्या विमानाकडे वळते. नवं घेणं आपल्यापैकी बहुतेकांना परवडत नाही. जुन्या बाजारात महिनाभर फिरलं की वहीत तीन नावं उरतात: पायपरचं मेरिडियन, फ्रान्सचं टीबीएम आणि स्वित्झर्लंडच्या पिलाटसचं पीसी-१२. त्यातली शेवटची दोन मी स्वतः चालवली आहेत. तीन वर्षं २००८ च्या टीबीएम ८५० मध्ये दोघांबरोबर भागीदारी होती, आणि आता चार वर्षं झाली, २००४ चं पीसी-१२/४५ (पीसी-१२ चीच एक जुनी आवृत्ती) घरच्या मालकीचं आहे. माझा कल कुठे आहे ते यातून कळतंच. तरी टीबीएमवर अन्याय होऊ नये असा प्रयत्न करतो, कारण ते विमान मला मनापासून आवडायचं.

मेरिडियनबद्दल थोडक्यात सांगतो. दोन मोठी माणसं आणि एखादं लहान मूल एवढंच नेहमी न्यायचं असेल, तर त्याच्यासारखं सोयीचं दुसरं नाही. ते साध्या हँगरमध्ये मावतं आणि खर्चही या दोघांपेक्षा बराच कमी. पण टाक्या भरल्या की माणसांसाठी जेमतेम पाचशे पौंड उरतात, काही विमानांत त्याहूनही कमी. आमच्या घरात आई पुण्याहून आली की आम्ही पाच जण होतो, म्हणून मी त्या वाटेला गेलो नाही.

माझा नेहमीचा प्रवास सांगतो, म्हणजे पुढचे आकडे कशावरून आले ते समजेल. राहतो ह्यूस्टनजवळ, विमान असतं शुगरलँडला. मुलगी इलिनॉयमध्ये शँपेनला शिकते. सरळ रेषेत हे अंतर सव्वासातशे नॉटिकल मैलांच्या आसपास आहे. वर्षातून आठ-दहा फेऱ्या होतात. बाकी डॅलस, ऑस्टिन अशी जवळची कामं. आई साधारण मार्च ते ऑगस्ट आमच्याकडे असते. तिचे दोन्ही गुडघे बदललेले आहेत.

वेगाचं आधी बोलून टाकू, कारण टीबीएमचा पहिला आणि सगळ्यात खरा मुद्दा तोच आहे. ८५० आरामात तीनशे दहा नॉटने (नॉट म्हणजे तासाला एक नॉटिकल मैल) जातं, जोर लावला तर तीनशे वीसपर्यंत. माझं पीसी-१२ दोनशे साठ देतं, थंड हवेत थोडं जास्त. शँपेनला जाताना टीबीएममध्ये अडीच तास लागायचे, आता तीन तास लागतात. उन्हाळ्यात हा अर्धा तास कुणाला जाणवत नाही. हिवाळ्यात परत येताना मात्र जाणवतो. नैऋत्येकडून साठ-सत्तर नॉटचा वारा नाकावर असला की वेगवान विमानाचं त्यातल्या त्यात कमी नुकसान होतं, आणि हळू विमान अक्षरशः रेंगाळतं. अशा दिवशी टीबीएम पाऊण तास आधी घरी पोचतं. रविवारी संध्याकाळी, दुसऱ्या दिवशी कामावर जायचं असताना, पाऊण तास ही लहान गोष्ट नाही.

इंधनातही टीबीएम पुढे आहे. दोन्ही विमानं तासाला साठ गॅलनच्या आगेमागे पितात. तेवढ्याच गॅलनमध्ये टीबीएम पन्नास मैल जास्त कापतं, म्हणजे मैलामागचा खर्च त्याचाच कमी. हा हिशोब मी अनेकदा करून पाहिला आणि दर वेळी तो टीबीएमच्याच बाजूने आला.

टीबीएम चढतंही झपाट्याने. ८५० मध्ये उड्डाणाच्या वेळी सातशेच अश्वशक्ती मिळते, फ्लॅप (उड्डाणाला पंखांच्या मागच्या कडेला खाली सोडलेल्या झडपा) वर घेतल्यावर उरलेली दीडशे मोकळी होते. ती मोकळी झाली की पाठ सीटला टेकते. बर्फ धरणाऱ्या ढगांच्या थरातून बाहेर पडायला हा जोर फार उपयोगी पडतो. पीसी-१२ खाली चांगलं चढतं, पण वीस हजारांच्या वर गेल्यावर त्याला वेळ लागतो, अठ्ठावीस हजारांपर्यंतचे शेवटचे काही हजार फूट धीर धरून काढावे लागतात. टेक्सासच्या उन्हाळी गडगडाटी ढगांपुढे मात्र दोघांची मर्यादा सारखीच आहे. पीसी-१२ ची परवानगी तीस हजार फुटांपर्यंत, टीबीएमची एकतीस, आणि ते ढग चाळीस-पन्नास हजारांपर्यंत जातात. वळसा दोघांनाही घालावा लागतो.

हा जोर मिळतो तसा तो सांभाळावाही लागतो. कमी वेगात, उतरता उतरता पुन्हा वर जायची वेळ आली आणि पॉवर एकदम पुढे ढकलली, की टीबीएम डावीकडे कलंडायला बघतं. रडरवर, म्हणजे शेपटीच्या सुकाणूच्या पायपट्टीवर, उजवा पाय वेळेवर गेलाच पाहिजे. प्रशिक्षणात हे पुन्हा पुन्हा करून घेतात आणि ते योग्यच आहे. पीसी-१२ चं इंजिन त्याहून मोठं, बाराशे अश्वशक्तीचं, पण विमानाचं वजनही दहा हजार पौंडांच्या घरात, त्यामुळे धक्का इतका अचानक जाणवत नाही. रडर मात्र जड आहे. पॉवर बदलली की ट्रिम (पायावरचा जोर हलका करणारी जुळणी) बदलायची, ही सवय लागायला मला पंचवीसेक तास लागले. स्टॉलच्या, म्हणजे वेग कमी पडून पंखांचा आधार सुटण्याच्या, जवळ गेलात तर पीसी-१२ मध्ये स्टिक पुशर आहे, तो स्वतःच नाक खाली ढकलतो. काही जणांना तो आवडत नाही. मला त्याचा आधार वाटतो.

दोन्हीत टर्बोप्रॉप इंजिन पीटी-६ या घराण्यातलंच. हे इंजिन १९६० साली कॅनडात पहिल्यांदा चालवून पाहिलं गेलं, आणि एका इंजिनावर मुलाबाळांना बसवण्याचं धैर्य माझ्यासारख्याला आलं ते त्याच्या इतक्या वर्षांच्या नावामुळे. फरक चालवण्याच्या पद्धतीत आहे. टीबीएम ८५० मध्ये तीन दांडे आहेत: पॉवर, प्रोपेलर (पंखा) आणि कंडिशन (इंजिनाचं इंधन). पीसी-१२ मध्ये प्रोपेलरचा दांडा नाहीच. पंखा मिनिटाला १७०० फेऱ्यांवर फिरत राहतो. टीबीएमचा २००० वर फिरतो. हा तीनशे फेऱ्यांचा फरक कागदावर किरकोळ दिसतो, पण तीन तास कानाला हेडसेट लावून बसणाऱ्याला विचारा. आई टीबीएममधून उतरली की संध्याकाळभर मोठ्याने बोलायची. हल्ली बोलत नाही.

आता ज्या गोष्टीने माझा निर्णय झाला त्याकडे येतो. ती कुठल्याही माहितीपत्रकात सापडणार नाही.

टीबीएमचं मुख्य दार डाव्या बाजूला, पंखाच्या मागे आहे. दार चांगलं रुंद आहे, त्याबद्दल तक्रार नाही. आत समोरासमोर चार सीट, दोन मागे तोंड करून, दोन पुढे. त्यांच्या पुढे पायलटची जागा. केबिनची उंची चार फूट. पायलटसाठी पुढे वेगळं दार काही टीबीएममध्ये असतं, ते त्या काळी पर्याय म्हणून मिळायचं. आमच्यात नव्हतं. म्हणजे क्रम असा: सगळ्यांना आत बसवायचं, सामान लावायचं, शेवटी मी आत यायचं, दार ओढून घ्यायचं, खिट्ट्या बसल्या की नाही ते डोळ्यांनी बघायचं, आणि मग कमरेत वाकून, समोरासमोर बसलेल्या चार माणसांच्या गुडघ्यांमधून वाट काढत पुढे जायचं.

त्या चार माणसांत आई असायची.

आपल्याकडे कुणाचे पाय ओलांडू नयेत हे लहानपणी इतक्या वेळा ऐकलेलं असतं की पन्नाशीतही ते अंगातून जात नाही. आईला गुडघे पूर्ण मुडपता येत नाहीत, म्हणून ती पाय जरा लांब सोडून बसते, आणि ते पाय नेमके माझ्या वाटेत. पहिल्या वेळी मी ओलांडून गेलो, वळून तिच्या पायांना हात लावला आणि तो कपाळाला लावला. ती म्हणाली, “अरे राहू दे, विमानात काय पाय ओलांडणं धरायचं!” पण पुढच्या वेळी मी दार लावायला वळलो तेव्हा दिसलं, तिने दोन्ही हातांनी एक एक गुडघा उचलून पाय सीटच्या खाली ओढून घेतले होते. डॉक्टरांनी जे करू नका म्हणून सांगितलं होतं तेच. ओठ घट्ट मिटलेले. मी पुढे जाऊन सीटवर बसेपर्यंत ती तशीच होती.

मग आम्ही वेगवेगळे उपाय करून पाहिले. मी आधी पुढे जाऊन बसायचं आणि दार बायकोने लावायचं. तिला मी नीट शिकवलं, ती काटेकोरपणे करायची, आणि दार उघडं असलं तर पुढे इशाराही येतो. तरीही केबिनमध्ये हवेचा दाब भरून उंचावर उडणाऱ्या विमानाचं दार दुसऱ्याने लावलेलं आणि आपण स्वतः बघितलेलं नाही, हे मला सहन व्हायचं नाही. मी पुन्हा उठून मागे जायचोच. आईला सगळ्यात पुढे, मागे तोंड करून बसवून पाहिलं, तर तिला उलटं बसून मळमळायला लागलं. शेवटी तिला माझ्या शेजारी, उजव्या सीटवर बसवण्याचा प्रयत्न केला. पण तिथवर पोचायला तिलाच तो सगळा बोगदा वाकून पार करावा लागला, आणि मध्येच, दोन सीटच्या पाठी धरून, ती दम खात उभी राहिली. उभी म्हणजे अर्धी वाकलेली. त्या दिवशी शँपेनला पाऊस होता आणि मागे रॅम्पवर (विमानं उभी करण्याच्या जागेवर) मुलगी छत्री धरून थांबली होती. विमान बदलायचं, हे मी त्या पावसात ठरवलं.

ही टीबीएमची चूक आहे असं मी म्हणणार नाही. ते अंगाने सडपातळ आहे म्हणून तर इतकं वेगात जातं. माझ्या वयाचे, दणकट गुडघ्यांचे चार मित्र घेऊन जाणाऱ्याला यातलं काहीच जाणवणार नाही. पायलटचं वेगळं दार असलेलं ८५० तुम्हाला मिळालं तर माझी अर्धी तक्रार तिथेच मिटते: मागचं दार बाहेरून लावून, बघून, पुढून आत जाता येतं. मात्र मग उड्डाणात मागे कुणाला काही हवं असलं, उलटी झाली, श्वास लागला, तर तोच अरुंद बोळ मध्ये असतो.

पीसी-१२ चं दार पुढे आहे, पायलटच्या पाठीशी. माणसं जिन्यावरून आत येतात आणि मागे जाऊन बसतात. मी शेवटी चढतो, जिना आत ओढून दार लावतो, खिट्ट्या बघतो आणि दोन पावलांत माझ्या जागी पोचतो. वाटेत कुणीच नसतं. केबिन पावणेपाच फुटांच्या वर, जमीन सपाट, रुंदी पाच फूट. आई थोडी मान वाकवून, स्वतःच्या पायाने चालत जाते, हवी ती सीट निवडते आणि पाय लांब करून बसते. दाराच्या समोरच शौचालय आहे. तीन तासांच्या प्रवासात ऐंशीच्या आसपासच्या माणसाला ते तिथे आहे एवढं माहीत असणंही पुरतं. टीबीएमच्या दिवसांत आई निघण्याच्या आदल्या रात्रीपासून पाणी प्यायची नाही. हे मला फार उशिरा कळलं.

मागे मालाचं मोठं दार आहे, साधारण साडेचार फूट रुंद आणि तेवढंच उंच. सुरुवातीला मला ते अनावश्यक वाटलं होतं. मग मुलीचं वसतिगृहाचं सामान एका खेपेत गेलं, सायकलसकट. मागच्या गणपतीला तिच्या गटासाठी आम्ही इथून दोन ढोल नेले, ताशे नेले, मूर्ती पाळण्यातल्या बाळासारखी पट्ट्याने सीटला बांधून नेली. व्हीलचेअर न दुमडता आत जाते. ऑस्ट्रेलियातली उडत्या डॉक्टरांची सेवा हीच विमानं रुग्णांसाठी वापरते, ते का, हे स्ट्रेचरच्या मापाचं हे दार पाहिल्यावर लगेच समजतं.

वजनाच्या बाबतीत लोक एक चूक करतात, तीही सांगतो. टाक्या पूर्ण भरून किती माणसं बसतात, याची तुलना करत बसतात. तशी केली तर दोन्ही विमानांत फार मोठा फरक दिसत नाही: टीबीएम ८५० ला सातशे-आठशे पौंड, पीसी-१२/४५ ला हजाराच्या थोडं वर. पण पीसी-१२ च्या टाक्या भरल्या तर ते दीड हजार मैल जातं, आणि मला कधीच दीड हजार मैल जायचं नसतं. शँपेनपुरतं, राखीव धरून, इंधन भरलं की माझ्याकडे दोन हजार पौंडांच्या आसपास वजन मोकळं राहतं. टीबीएममध्ये इंधन कमी केलं तरी एका मर्यादेपलीकडे माणसं-सामान वाढवता येत नाही, कारण इंधनाशिवायच्या वजनालाही ६०३२ पौंडांची वेगळी सीमा आहे. आमच्या विमानात ती सीमा वारंवार आड यायची. पाहुण्यांना वजन विचारावं लागायचं. मावशीला, “मावशी, तुमचं वजन किती?” असं विचारणं मला कधीच जमलं नाही. मी अंदाजाने वीस पौंड जास्त धरायचो आणि बॅगा कमी करायला सांगायचो. आता मी हिशोब अजूनही दर वेळी करतो, करायलाच हवा, पण विचारावं लागत नाही.

पीसी-१२ विरुद्ध जे आहे तेही मांडतो. पंखांचा पसारा त्रेपन्न फूट. आमचं टीबीएम बेचाळीस फुटांच्या आत होतं आणि रांगेतल्या टी-हँगरमध्ये (एकेका लहान विमानासाठीच्या खोलीत) सहज जायचं. पीसी-१२ त्यात जात नाही. मला सात महिने मोठ्या हँगरमध्ये जागेची वाट बघावी लागली. तोवर विमान बाहेर उन्हात उभं होतं आणि त्याची चिंता मला रात्री झोपू द्यायची नाही. आता जागा मिळाली आहे, पण चार विमानांत मिळून, आणि आधीच्या दुपटीहून जास्त भाड्याने. आपलं विमान दुसऱ्या कुणीतरी ढकलायचं, पंखाला पंख लागेल ही भीती कायमची. तुमच्या विमानतळावर मोठा हँगर आहे का, हे विमान बघायला जाण्याआधी विचारा. नसेल, तर माझा सगळा युक्तिवाद बाजूला ठेवून टीबीएम घ्या.

दुसरं म्हणजे कॉकपिट. २००८ पासूनच्या ८५० मध्ये जी-१००० ही गार्मिनची डिजिटल यंत्रणा आहे. ते स्वच्छ, मोठे पडदे, सगळं एका जागी. २००८ च्या आधीच्या पीसी-१२ मध्ये जुनी पडद्यांची यंत्रणा असते. पडदा गेला तर सुटा भाग शोधत बसावं लागतं. मी घेतलेल्या विमानात आधीच्या मालकाने पॅनेल नवं करून घेतलं होतं, म्हणून तर ते घेतलं. जुनं पॅनेल असलेलं स्वस्तात मिळत असेल तर त्यात नव्या पॅनेलची किंमत मिळवून मगच स्वस्त म्हणा. २००८ नंतरचं एनजी, म्हणजे पीसी-१२ ची पुढची आवृत्ती, घेतलं तर हा प्रश्न नाही, पण त्याची किंमत वेगळ्याच घरात जाते.

किमतीबद्दल एवढंच, की मी शोधत होतो तेव्हा ८५० आणि जुनं /४५ यांचे भाव एकमेकांत मिसळलेले होते. कमी वापरलेलं ८५० महाग, जास्त तास झालेलं पीसी-१२ त्याच भावात. त्यामुळे पैशाने हा निर्णय होत नाही, निदान माझा झाला नाही.

तास जास्त झालेत म्हणून पीसी-१२ टाकून देऊ नका, पण इंजिनाची वही मात्र पान-पान वाचा. या इंजिनांच्या ओव्हरहॉलची (पूर्ण खोलून दुरुस्तीची) मुदत ३५०० तास. खासगी वापरात ती कायद्याने बंधनकारक नसली, तरी मुदत उलटलेल्या विमानाचा भाव विकताना कोसळतो, आणि ओव्हरहॉल लाखो डॉलरांचं काम आहे. मध्यावर हॉट सेक्शनची (इंजिनाच्या जळणाच्या तप्त भागाची) तपासणी झाली आहे का, कुणी केली, काय बदललं, हे बघा. दर उड्डाणातल्या इंजिनाच्या तापमानाच्या आणि टॉर्कच्या (जोराच्या) नोंदी मागा. ज्याने त्या ठेवल्या आहेत त्याने विमानही जपलेलं असतं. समुद्रकाठी राहिलेल्या विमानाचा कंप्रेसर (इंजिनात हवा दाबणारा भाग) धुतला जात होता का, ते विचारा. आखाताच्या दमट, खारट हवेत पाती झिजतात.

मी पसंत केलेलं पहिलं पीसी-१२ कागदावर निर्दोष होतं. विकणाऱ्याने सुचवलेल्या कार्यशाळेने तपासून होकारही दिला. केवळ मन मानेना म्हणून दुसऱ्या राज्यातून एक मेकॅनिक बोलावला. त्याने बोरस्कोप (इंजिनात घालून बघायची दुर्बीण) आत घातला आणि पाच मिनिटांत मला बोलावून कंप्रेसरच्या पात्यांवरची खड्ड्यांसारखी झीज दाखवली. अनामत परत मिळवायला चार महिने आणि वकील लागला. तपासणारा माणूस तुम्ही निवडलेला हवा, आणि त्याला विकणाऱ्याशी काही देणंघेणं नको. हे दोन्ही विमानांना लागू आहे.

आपल्या लोकांसाठी एक जास्तीची गोष्ट. अमेरिकेतली नोंदणी स्वतःच्या नावावर व्हायला नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड लागतं. एच-१बी वर असाल तर ट्रस्टचा मार्ग घ्यावा लागतो, त्याला वेळ आणि पैसा दोन्ही जातो. व्यवहार ठरवण्याआधी हे मार्गी लावा. आणि विमा. यातल्या कुठल्याही विमानाला वेगळं टाइप रेटिंग (त्याच विमानापुरता परवाना) लागत नाही, उंचावर उडण्याचं शिक्कामोर्तब पुरतं, पण विमा कंपनीचं म्हणणं कायद्याहून कडक असतं. दर वर्षी सिम्युलेटरवर जावं लागतं, सुरुवातीचे तास अनुभवी पायलटला शेजारी घेऊन उडावं लागतं. माझ्याकडे टीबीएमचे तीनेकशे तास होते, तरी पीसी-१२ साठी पंचवीस तास सोबत मागितली. ती मागितली हे बरंच झालं.

आमचे टीबीएममधले दोघे भागीदार अजून तेच विमान चालवतात. गेल्या महिन्यात त्यातला एक मला घेऊन ऑस्टिनला गेला. फ्लॅप वर गेले, ती दीडशे अश्वशक्ती आली, आणि मला क्षणभर खरंच वाटलं, आपण हे का सोडलं? परतताना मी नीट आठवून पाहिलं. त्या दोघांबरोबर मी जितक्या वेळा उडालो आहे, त्यातल्या जवळजवळ प्रत्येक वेळी मागच्या चारही सीट रिकाम्या होत्या.

तुमच्या मागच्या सीटवर कोण बसणार आहे, ते तुम्हालाच माहीत. पैसे देण्याआधी त्यांना घेऊन दोन्ही विमानांपाशी जा. विकणारा उड्डाणाचा आग्रह धरेल, ते नंतर करा. आधी विमान जमिनीवरच असू द्या, इंजिन बंद. सगळ्यांना नेहमीसारखं बसवा, बॅगा मागे लावा, दार ओढून घ्या, आणि आपल्या जागी जाऊन बसा. जाताना मागे वळून त्यांच्या पायांकडे बघा.